वाचणारा एक, खुणा करणारा दुसरा

१७ सप्टेंबर जवळ आला की नांदेडात फ्लेक्सवाल्यांची झोप उडते आणि त्यांच्याकडची प्रुफं माझ्या फोनवर येऊन आदळायला लागतात. 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन'. यातला 'मुक्ति' ऱ्हस्व, कारण तो समासात आहे. सुटा लिहिला की 'मुक्ती' दीर्घ. शाळेत हे शिकवलेलं असतं. तरी गावभर 'मुक्तीसंग्राम' झळकतो, कधीमधी 'दिन'चा 'दीन' होतो, म्हणजे अगदी गरीब बिचारा. मग कुणीतरी फलकाचा फोटो ग्रुपवर टाकतो, खाली मराठीच्या मरणाचे सुस्कारे सुरू होतात आणि 'आजकालच्या पोरांना काही येत नाही' या ठरावावर सभा बरखास्त होते.

मला हा ठराव मान्य नाही. मी मुद्रितशोधनावर पोट भरत आलेला माणूस आहे. आधी नांदेडच्या एका दैनिकात रात्रपाळीला होतो, आता घरी बसून प्रबंध, दिवाळी अंक, लग्नपत्रिका आणि लातूरच्या क्लासेसच्या सराव प्रश्नपत्रिका तपासतो. एवढे कागद नजरेखालून गेल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे: नियम न येणं वेगळं आणि चूक न दिसणं वेगळं. फलक करणाऱ्या पोराला त्या शब्दावर नुसतं बोट ठेवून दाखवा, दहापैकी बऱ्याच वेळा तो स्वतःच जीभ चावतो आणि दुरुस्त करतो. नियम त्याच्यापाशी होताच. वाचताना त्या नियमाला डोक्यात बसायला जागा मिळाली नव्हती.

ही जागा किती असते, याचा शोध मानसशास्त्रज्ञ बरीच वर्षं घेत आहेत. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली साधारण सात गोष्टींचा आकडा सांगितला. नेल्सन कोवन यांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणून ठेवला. मधल्या काळात, १९७४ साली, ब्रिटनमधल्या ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी या तात्पुरत्या साठ्याला कामाच्या दृष्टीने पाहिलं. आपण एखादी गोष्ट डोक्यात धरून ठेवतो आणि त्याच वेळी तिच्यावर काम करतो, त्या ठिकाणाला कार्यरत स्मृती म्हणतात. त्यांच्या मांडणीत तिचे भाग आहेत. एक भाग शब्दांचा आवाज मनातल्या मनात घोळवत ठेवतो. दुसरा भाग दिसलेलं धरून ठेवतो. आणि एक मुकादम असतो, जो लक्ष कुठं द्यायचं ते ठरवतो. आवाजाच्या भागात साधारण दोन सेकंदांत बोलून होईल एवढाच मजकूर टिकतो. त्यापुढचा आला की मागचा पुसला जातो.

आता मुद्रितशोधकाकडून आपण काय मागतो ते बघा. अक्षर बघ, शब्द बघ, वाक्याचं व्याकरण बघ, अर्थ लागतो का बघ, वर दिलेला आकडा खाली तोच आहे का बघ, नाव मूळ प्रतीशी ताडून बघ. हे सगळं त्या दोन सेकंदांच्या ओट्यावर, एकाच फेरीत. त्यात नजरेचा स्वभाव आडवा येतो. वाचताना नजर ओळीवरून सरकत नाही, उड्या मारते. एका थांब्यावर सेकंदाचा पाव हिस्सा थांबते आणि मधलं बरंचसं अंदाजानं भरून काढते. शब्द जितका ओळखीचा, तितकी उडी लांब. आमच्या विद्यापीठाचं नाव घ्या: स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. नांदेड-लातूरकडच्या माणसानं 'स्वामी रामा' एवढं पाहिलं की उरलेलं डोकंच वाचून टाकतं. म्हणून 'तिर्थ' अशी चूक प्रबंधाच्या पहिल्या पानावर, सगळ्यांत मोठ्या टायपात, मार्गदर्शकाच्या सहीच्या वर सुखानं बसून राहते. मोठा मथळा कुणी वाचत नाही, तो फक्त बघतात. बारीक टायपात आम्ही डोळे फाडून चुका शोधतो आणि आठ कॉलमी चूक समोरून निघून जाते.

कानाचं दुखणं याहून वेगळं आहे, आणि मराठीत ते फार जाचक आहे. मनातल्या मनात वाचताना आपण शब्द ऐकतो. पण मराठीत 'कवि' आणि 'कवी' कानाला एकच. 'आशिर्वाद' आणि 'आशीर्वाद' यांतही उच्चारून फरक पडत नाही, पुण्यातही नाही. म्हणजे मनातला आवाज ज्या कामात आपला सगळ्यांत मोठा मदतनीस असायला हवा, तिथंच तो खोटी साक्ष देतो: 'बरोबर आहे, पुढं चला.' माझ्यासारख्या कंधारच्या माणसाला आणखी एक अडचण. घरात मी आजही 'पानी' म्हणतो. प्रुफात 'पाणी' आलं काय आणि 'पानी' आलं काय, आतला आवाज हू की चू करत नाही; तिथं मला पूर्णपणे डोळ्यावर विसंबावं लागतं. देगलूर-धर्माबादकडे ज्यांच्या घरात तेलुगू बोलतात त्यांचा मला हेवा वाटतो. तेलुगूत ऱ्हस्व-दीर्घ बोलण्यातच वेगळे असतात.

उलट, व्याकरणाच्या चुका कानच पकडतो. मात्र वाक्य त्याच्या आवाक्यात असलं तरच. बातमीतलं हे वाक्य वाचा: 'अतिवृष्टीत पीक वाया गेलेल्या शेतकऱ्यांसाठी शासनानं मंजूर केलेला निधी मुखेड, कंधार व लोहा तालुक्यांतील पात्र शेतकऱ्यांची यादी तलाठ्यांकडून अंतिम झाल्यानंतर तहसील कार्यालयांकडे वर्ग करण्यात आली आहे.' 'निधी' करण्यात 'आला' हवा होता. पण मराठीत क्रियापद शेवटी येतं. तिथं पोचेपर्यंत 'निधी' डोक्यातून केव्हाच उतरलेला असतो आणि जवळची 'यादी' त्याच्या जागी येऊन बसलेली असते. लिहिणाऱ्याला पुल्लिंग-स्त्रीलिंग कळत नाही असं इथं कोण म्हणेल? 'निधी आली' असं त्याला कुणी तोंडावर म्हटलं तर तो हसेल. चूक त्या मधल्या पंधरा-सोळा शब्दांनी केली. म्हणून लांब वाक्य मोडा असं जे उपसंपादक सांगतात त्यांना मी मानतो. ते वाचकाची सोय म्हणून सांगतात. मला त्यात तपासणाऱ्याची सोय जास्त दिसते.

आपलंच लिहिलेलं आपण तपासू नये, ही प्रेसमधली जुनी शिस्त. टोरांटो विद्यापीठाच्या मेरेडिथ डेनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यानं १९९३ साली तिचा कस लावून पाहिला. लोकांना स्वतःच्या मजकुरातल्या चुका लगेच तपासताना दुसऱ्याच्या मजकुरापेक्षा कमी सापडल्या. कारण उघड आहे. लिहिणाऱ्याला पुढं काय येणार ते ठाऊक असतं. कागदावर काय आहे याच्याआधी डोक्यात काय आहे ते समोर येतं. जुने कंपोझिटर खिळे जुळवत तेव्हा त्यांचं प्रूफ त्यांना कधीच वाचायला देत नसत. यात मानाचा काही प्रश्न नव्हता.

माझ्या रात्रपाळीच्या पहिल्या वर्षांत आम्ही जोडीनं बसायचो. एक जण मूळ प्रत मोठ्यानं वाचायचा, दुसरा प्रुफावर खुणा करायचा. वाचणाराही साधं वाचत नसे. माझे जोडीदार, ज्यांना सगळा विभाग मामा म्हणायचा, ते 'पहिली वेलांटी', 'दुसरा उकार', 'स्वल्पविराम', 'नवा परिच्छेद' असं सगळं उच्चारत. नवख्याला वाटायचं, मंत्र म्हणतायत. आता कळतं की ती किती हुशारीची युक्ती होती. जो ऱ्हस्व-दीर्घ कानाला ऐकू येत नाही, त्याला मामा नाव देऊन ऐकू आणत होते. मूळ प्रतीकडे बघायचं ओझं त्यांच्या डोक्यावर, प्रुफाकडे बघायचं माझ्या. मला नजर वर-खाली न्यावी लागत नसे, काही लक्षात ठेवावं लागत नसे.

ही जोडी मोडली, मग प्रुफाची खुर्चीच गेली. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली कायदा झाला तेव्हा श्रमिक पत्रकार कोण, याच्या व्याख्येत संपादक, उपसंपादक, वार्ताहर यांच्या ओळीत मुद्रितशोधकही होता. कायद्यानं ज्याला पत्रकार मानलं त्याला कार्यालयांनी जादा माणूस मानलं. आज मुखेडहून वार्ताहर मोबाईलवर बातमी टंकून पाठवतो, उपसंपादक ती पानात बसवतो, मथळा देतो, फोटोओळ लिहितो आणि मग तोच वाचतो. श्री-लिपीतून युनिकोडमध्ये आलेल्या मजकुरात 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' झालेला असतो, तेही त्यानंच बघायचं. मध्येच कुणीतरी विचारतं, 'पान सोडू का?' ज्याला पान सोडायच्या वेळेचा अनुभव आहे त्याला विचारा: असं कुणी हटकलं की परत वाचायला लागताना आपण सोडलेल्या जागेच्या दोन ओळी पुढून सुरुवात करतो आणि ते आपल्याला कळतही नाही. चूक नेमकी त्या दोन ओळींत असते. हटकल्यावर परिच्छेदाच्या आरंभाकडे परत जायचं, हा आमचा नियम होता. आज परत जायला वेळ कुणाकडं आहे! दुसऱ्या दिवशी मात्र त्या उपसंपादकाला 'निष्काळजी' म्हणून मेमो मिळतो. हा शुद्ध अन्याय आहे. एका डोक्यात चार जणांचं काम कोंबायचं आणि सांडलं की त्या डोक्याला शिव्या द्यायच्या.

लातूरच्या ट्युशन एरियातल्या कामानं मला आकड्यांची भीती शिकवली. लातूर पॅटर्नचा कणा म्हणजे सराव चाचण्या, आणि प्रत्येक चाचणीमागे एक प्रूफ असतं. शब्दाला अर्थाचा आधार असतो. 'शेतकरी' चुकून 'शेकतरी' झाला तर वाक्यच बोंब मारतं. ९.८ चा ८.९ झाला तर कोण बोंब मारणार? विद्यार्थी तो प्रश्न सोडवत बसतो, चारही पर्यायांत उत्तर नाही म्हणून घाम फुटतो आणि वेळ जातो. शिवाय मराठीत आकडा वाचायचा म्हणजे आधी एकक, मग दशक. 'एकोणसाठ' ऐकताना 'एकोण...' पर्यंत आलं तरी पहिला अंक कोणता ते ठरत नाही. कान अडकून बसतो, तेवढ्यात वाचणारा पुढच्या आकड्यावर गेलेला असतो. म्हणून आम्ही 'पाच, नऊ' असं अंक-अंक वाचतो, दशांश आला की 'टिंब'. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पंचवीस'च्या जोडीला 'वीस पाच' आलं तेव्हा महाराष्ट्रभर चेष्टा झाली. मी त्या चेष्टेत सामील नव्हतो. 'पंचवीस' माझ्या जिभेवर आहे आणि राहील, पण ज्यानं रात्रभर आकडे ताडून पाहिलेत त्याला त्या पुस्तकामागची अडचण खोटी वाटणार नाही.

क्लासवाले आणखी एक गल्लत करतात. प्रूफ वाचताना उत्तरसूचीही तपासून द्या म्हणतात. गणित सोडवणं हे मुकादमाचं पूर्ण वेळाचं काम आहे. ते चालू असताना वेलांटी दिसणार नाही, आणि वेलांटी बघताना गणित होणार नाही. दोन फेऱ्या करा. एक अर्थाची, एक अक्षराची. जमलं तर तिसरी, फक्त आकडे आणि नावांची. नावांबद्दल जाता जाता: नावाला शुद्धलेखन नसतं. शाळेच्या दाखल्यावर 'दत्तात्रय' असेल तर तो 'दत्तात्रय'च. तिथं नियम दाखवणारा शोधक 'तीर्थ' चुकवणाऱ्यापेक्षा जास्त नुकसान करतो.

कारण नावाची आणि आकड्याची चूक छापील कागदावर राहत नाही, ती माणसाच्या मागे लागते. सातबारा हे त्याचं उत्तम उदाहरण. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवले तेव्हा क्षेत्र, नाव, गट नंबर यांत चुका राहिल्या. त्या शोधायला महसूल खात्यानं २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यभर चावडी वाचन घेतलं: तलाठ्यानं गावात बसून संगणकीकृत उतारे मोठ्यानं वाचायचे, खातेदारांनी ऐकून आपल्या जुन्या उताऱ्याशी ताडायचे. ही कल्पना ज्या कुणाला सुचली त्याला मी मामांच्या पंगतीला बसवीन. वाचणारा एक, ताडणारे शंभर, आणि प्रत्येकाच्या डोक्यात एकच उतारा, स्वतःचा. एक हेक्टर एकवीस आरचं एक हेक्टर बारा आर झालं तर ज्याचे नऊ आर गेले तो उठून उभा राहणारच. तलाठ्यानं एकट्यानं कार्यालयात बसून ते हजार उतारे शंभर वेळा पाहिले असते तरी तो आकडा त्याला खटकला नसता. त्याच्या लेखी एकवीस काय आणि बारा काय.

पण जिथं वाचन उरकायचं म्हणून झालं, जिथं उन्हामुळं चार माणसं जमली आणि हजेरीवर सह्या मात्र भरपूर झाल्या, तिथल्या चुका आजही निस्तरणं चालू आहे. जमीन महसूल संहितेचं कलम १५५ लेखनप्रमादाच्या दुरुस्तीसाठी आहे. त्या कलमाखाली अर्ज घेऊन माणसं तहसीलच्या पायऱ्यांवर बसलेली दिसतात. पीक कर्ज अडलेलं, पीक विमा अडलेला, आधारवरच्या नावाशी सातबाऱ्यावरचं नाव जुळत नाही. लेखनप्रमाद हा कारकुनाचा आणि हेलपाटे शेतकऱ्याचे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असं सरकारनं ठरवलं आहे; पदनाम बदललं तसं एक कामही नेमून द्यावं. फेरफाराची नोंद पक्की करण्याआधी खातेदाराला समोर बसवून नाव अक्षर-अक्षर आणि क्षेत्र अंक-अंक वाचून दाखवायचं. ऑनलाइन नोटीस पुरेशी नाही. नोटिशीत माणूस आपलं नाव बघतो, वाचत नाही.

हे सगळं आता संगणक करील, असं मला तरुण मुलं सांगतात. काही भाग करीलही, आणि करावा. 'आशिर्वाद' पकडायला माणसाचं डोकं का खर्च करायचं? यंत्राला पहिली फेरी द्या म्हणजे माणसाच्या डोक्यात तेवढी जागा मोकळी होईल. पण शब्द स्वतः शुद्ध असून जागा चुकली असेल तिथं शब्द तपासणारं साधन गप्प बसतं: 'दिन'च्या जागी 'दीन', 'एकवीस'च्या जागी 'बारा', 'श्री.'च्या जागी 'कै.'. शेवटची चूक वाढदिवसाच्या पुरवणीत झाली की काय होतं ते मी पाहिलं आहे. ज्यांचा वाढदिवस होता ते गृहस्थ स्वतः पेपर हातात घेऊन कार्यालयात आले होते. यंत्राचा दुसरा धोका असा की त्यानं पास केलेलं पान माणूस आणखी सैल नजरेनं वाचतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांवर हल्ली 'सॉफ्टवेअरमधून काढलं आहे, तुम्ही फक्त नजर टाका' अशी चिठ्ठी असते. नुसती नजर टाकायचे मी पैसे घेत नाही.

खर्चाचा मुद्दा खरा आहे, तो मी टाळत नाही. लहान दैनिकाला दोन माणसं परवडत नाहीत. घरी मला परवडतात, कारण दुसरी माझी बायको आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली. पहिली-दुसरी वेलांटी वाचताना तिचा आवाज अजून वर्गातला निघतो. बिल झालं की निम्मे पैसे मोजून घेते. मागच्या महिन्यात लातूरच्या एका संचालकांना मी सांगितलं की प्रश्नपत्रिका तुमच्याकडेच जोडीनं वाचून मग मला पाठवा. ते म्हणाले, 'सर, एका पेपरला दोन पोरं बसवली तर मला काय उरणार?' मी म्हणालो, उत्तरसूची चुकल्यावर पालकांचे किती फोन येतात आणि ते घ्यायला किती पोरं बसतात ते एकदा मोजा. त्यांनी मोजलं की नाही, ठाऊक नाही. सध्या दर शनिवारी दोन पोरं संध्याकाळी पेपर घेऊन बसतात, एक वाचतो आणि एक खुणा करतो, आणि खुणा करणाऱ्यानं फोन बाहेरच्या टेबलावर ठेवायचा, एवढी एकच अट मी घातली आहे.